नवी गाडी सदोष निघाली : बदलून मागायची कशी, आणि मिळते कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दसऱ्याला पत्नीच्या नावावर तेरा लाखांची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली. महिनाभरातच सिंहगड रस्त्याच्या गर्दीत ती धक्के मारू लागली. दोनदा नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि गाडीने जोरच सोडला. पाच वेळा सर्व्हिस सेंटरला नेली, दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय’ आणि ‘या मॉडेलचं असंच असतं’ हे ऐकून परत आणली. अमेरिकेतल्या भाच्याने लेमन लॉची, म्हणजे सदोष निघालेली नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणाऱ्या कायद्याची, माहिती दिली. तिथे त्याच्या शेजाऱ्याला कंपनीने गाडी परत घेऊन पैसे दिले. तसा कायदा आपल्याकडे आहे का, गाडी बदलून मिळेल का, आणि तोवर बँकेचे हप्ते थांबवावेत का, असं तुम्ही विचारलंत.

लेमन लॉ नावाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. हक्क मात्र आहे, तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधून मिळतो. भाच्याकडचा कायदा आणि आपला कायदा यांत एक मोठा फरक आहे आणि तुमचं पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे, म्हणून तो आधी सांगतो.

अमेरिकेत हे कायदे राज्याराज्यांचे आहेत. पहिला कनेटिकट राज्याने १९८२ साली केला. त्यांचा कणा म्हणजे आकडे. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करून उपयोग झाला नाही, जिवावर बेतणारा दोष असेल तर दोन वेळा, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली होती असं कायदाच गृहीत धरतो. मग उलट सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. आपल्याकडे असा आकडा कुठेही लिहिलेला नाही. पाच खेपा झाल्या म्हणून गाडी आपोआप बदलून मिळत नाही. दोष मुळातला आहे आणि दुरुस्तीला दाद देत नाही, हे ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयासारख्या यंत्रणेला, पटवायचं काम तुमचं. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक कायदा शोधत येतात. त्यांना कमी पडतात ते कागद.

कायद्यातली तुमच्या कामाची कलमं मोजकी आहेत. कलम २(१०) मध्ये ‘दोष’ म्हणजे काय ते आहे. व्याख्या ऐसपैस आहे, करारानुसार किंवा कायद्यानुसार वस्तूचा जो दर्जा असायला हवा त्यात काहीही उणीव असली तरी तो दोष. कलम ३९ मध्ये आयोग काय देऊ शकतो ते आहे : दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई. सहाव्या प्रकरणातल्या ‘उत्पादन दायित्वा’चा उल्लेख हल्ली प्रत्येक नोटिशीत दिसतो. तुमच्या तक्रारीत त्याचा उपयोग नाही. ते प्रकरण सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर लागतं. वस्तूचं स्वतःचं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. तुम्हाला कलम ३९ पुरेसं आहे.

आता समोरची बाजू काय म्हणेल ते ऐका, कारण ते मला जवळजवळ पाठ झालंय. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीच्या अटींप्रमाणे कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. त्या प्रकरणात क्लचची तक्रार होती आणि शेवटी भरपाईवर भागलं. प्रत्येक कंपनीच्या लेखी म्हणण्यात हा निकाल पहिल्या पानावर असतो. त्याला उत्तर म्हणून सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया हा २०१० चा निकाल आहे. त्यात न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितलं, आणि गाडीत मुळातला उत्पादन दोष निघाला तर किंमत व्याजासह परत करा असा आदेश दिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की वाट दिसते. एखादा भाग बिघडला आणि तो बदलून प्रश्न सुटत असेल, तर भागच मिळेल. भाग बदलूनही दोष परत परत येत असेल, किंवा काय बदलायचं हेच कंपनीला सांगता येत नसेल, तर गाडीवर किंवा पैशांवर दावा उभा राहतो.

म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न : गिअरबॉक्स कोणता आहे? तुम्ही नुसतं ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय. एएमटी (साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर यंत्राने बदलणारी रचना) असेल तर गिअर बदलताना मान हलेल असा हलका झटका ही त्या यंत्रणेची जात आहे, आयोग त्याला दोष म्हणणार नाही. ड्युअल क्लच (दोन क्लच आलटून पालटून चालणारा) असेल तर मुंगीच्या गतीने चालणाऱ्या गर्दीत क्लच तापणं ही ओळखीची अडचण आहे. अशा वेळी तापमानाचा इशारा एखाद्या वेळी येणं वेगळं आणि पहिल्या महिन्यापासून वारंवार येणं वेगळं. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळे धक्का बसणंच अपेक्षित नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट कुठल्याही गिअरबॉक्सला लागू आहे. दिवा लागून चढावर गाडीने जोर सोडणं हे ‘असंच असतं’ या सदरात बसत नाही. तुमच्या तक्रारीचं पहिलं वाक्य हे असू द्या, धक्के त्याच्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात. जे रोज छळतं ते आधी लिहितात आणि जे गंभीर आहे ते तिसऱ्या पानावर जातं.

‘या मॉडेलचं असंच असतं’ हे तपासायचा एक साधा मार्ग आहे. शोरूमची त्याच मॉडेलची, त्याच गिअरबॉक्सची टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा, शेजारी त्यांचा तंत्रज्ञ बसवा आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्याने, गर्दीच्या वेळी, मग बोगद्याच्या चढाने जा. लगेच त्याच रस्त्याने तुमची गाडी. दोन्हींत काय फरक दिसला ते त्याच दिवशी ई-मेलने डीलरला कळवा. ती गाडीही तशीच वागली, तर ‘माझ्या गाडीत दोष आहे’ हा दावा पातळ होतो आणि ‘मॉडेलच असं आहे हे विकताना सांगितलं नाही’ हा वेगळा, अवघड दावा उरतो. ती गाडी नीट चालली, तर त्यांचं ठरलेलं उत्तर तिथेच संपलं. त्यांनी अशी चाचणी नाकारली, तर तेही ई-मेलमध्ये लिहा.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार आणि केलेलं काम लिहिण्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद. या सगळ्या प्रकरणात याच्याइतकं महत्त्वाचं काहीच नाही, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. तुम्ही सर्व्हिस ॲडव्हायझरला दहा मिनिटं पोटतिडकीने सांगता आणि तो टॅबवर ‘जनरल चेकअप’ किंवा ‘पिकअप लो’ एवढंच टाइप करतो. गाडी परत देताना ‘ग्राहकाचे समाधान झाले’ अशा छापील वाक्याखाली तुमची सही घेतो. दोन वर्षांनी आयोगासमोर उरतो तो हा कागद, तुमची पोटतिडीक नाही. पाच खेपा तुम्ही सांगताय खऱ्या, पण कागदावर त्या दोन सर्व्हिसिंग, एक धुलाई आणि दोन अपडेट दिसत असतील तर आपण आत्ताच अडचणीत आहोत. पाचही जॉब कार्ड काढून वाचा. हाताशी नसतील तर डीलरकडे गाडीचा पूर्ण सर्व्हिस इतिहास ई-मेलने मागा. शब्द चुकीचे पडले असतील तर आजच एक सविस्तर ई-मेल डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा : अमुक तारखेला, ओडोमीटर इतका असताना, हे झालं, तुम्ही हे केलंत, त्यानंतर इतक्या दिवसांनी पुन्हा झालं. विशेषणं नकोत.

पुढच्या खेपेला कार्ड उघडतानाच तुमचे शब्द घालायला लावा, घातल्याशिवाय सही करू नका. स्कॅनर लावला की निघालेल्या एरर कोडचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकाचा, प्रिंट मागा. देत नसतील तर स्क्रीनचा फोटो काढा. परत घेताना समाधान झालं नसेल तर सहीच्या वर हाताने ‘दोष कायम’ असं लिहून त्याचा फोटो ठेवा. गाडी किती दिवस त्यांच्याकडे राहिली हे आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या तारखांवरून निघतं. त्या दिवसांतली कॅब आणि रिक्षाची बिलं जपा. दिवा लागतो तेव्हाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढावा, त्यात ओडोमीटर दिसावा. पेट्रोलच्या पावत्याही ठेवा, कारण भेसळीच्या इंधनाचा बचाव हमखास येतो. बाहेरून दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम बसवताना वायरिंग कापलं असेल तर ते मला किंवा तुमच्या वकिलांना आधीच सांगा, उलटतपासणीत नको. आणि बाहेरच्या मेकॅनिकला गिअरबॉक्स उघडू देऊ नका. तो कितीही हुशार असो, उघडलेल्या गिअरबॉक्सचा पुरावा मेला.

दसऱ्याच्या गर्दीत घेतलेल्या गाडीबद्दल आणखी एक तपासा. चासी क्रमांकातल्या ठरावीक अक्षरांवरून गाडी कधी बनली ते कळतं. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर महिनोन्महिने यार्डात उभा असलेला साठाही बाहेर निघतो. फार जुनी निघाली तर तो वेगळा मुद्दा, आणि तो बहुधा डीलरच्या गळ्यात. टाटा मोटर्स विरुद्ध अँतोनियो पावलो वाझ या २०२१ च्या निकालात गोव्यातल्या ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची वापरलेली गाडी दिली गेली होती. डीलरने आपल्या पातळीवर केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय कंपनीवर जबाबदारी टाकता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे तक्रारीत डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही जाबदेणार (विरुद्ध पक्ष) करा, पण कोणाची चूक कुठली हे वेगवेगळं लिहा : गाडीतला दोष कंपनीचा, दुरुस्तीतली हयगय डीलरची. ‘दोघांनी संगनमताने’ हे वाक्य वकिलांना फार आवडतं, त्याने काही सिद्ध होत नाही.

कागद जुळले की आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. बंधनकारक आदेश तिथून मिळत नाही, पण कंपनीच्या मुख्यालयातल्या माणसापर्यंत प्रकरण जातं आणि कधी कधी तेवढ्यावर मिटतं. मग पंधरा दिवसांची लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, दोघांच्याही नोंदणीकृत पत्त्यावर. त्यात दुरुस्तीची एक शेवटची संधी द्या. ही संधी दिलेली असणं पुढे फार उपयोगी पडतं. तुम्ही आततायी नव्हतात हे त्यातून दिसतं.

त्यानंतर जिल्हा आयोग. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. इथे दिलेली किंमत पाहतात, मागितलेली भरपाई त्यात मिळवत नाहीत. १० ते २० लाखांच्या टप्प्याला फी ४०० रुपये. तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करता येते, म्हणून बुकिंग फॉर्मवर ‘फक्त चेन्नईचे न्यायालय’ असं काही छापलं असलं तरी पुण्यात दाखल करायला अडचण नाही. तक्रारदार तुमच्या पत्नी, कारण बिल आणि आरसी त्यांच्या नावावर. तुम्ही त्यांच्या अधिकारपत्रावर काम पाहू शकता. गाडी टॅक्सी म्हणून लावलेली असती तर ‘व्यावसायिक हेतू’चा वाद आला असता, तुमच्याकडे तो नाही. मुदत दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण घालावा लागू नये म्हणून खरेदीच्या तारखेपासूनच धरा. वकील सक्तीचा नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ साली याच शहरात सुरू झाली, आणि स्वतःची तक्रार स्वतः चालवणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, समोरच्याने लेखी म्हणणं द्यायचं असतं. त्यानंतर ते स्वीकारता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा.

तज्ज्ञ तपासणीचा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. कलम ३८ मध्ये त्याची तरतूद आहे, खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. पुण्यात सरकारी तंत्रनिकेतन आहे, सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, त्यामुळे माणसं सुचवायला अडचण येत नाही. लोक एआरएआयचं (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) नाव सुचवतात. संस्था मोठी आहे, पण वाहन उद्योगाने सरकारच्या साथीने १९६६ मध्ये उभी केलेली आहे आणि तिचं मुख्य काम वाहनांचं प्रमाणीकरण; एका ग्राहकाच्या एका गाडीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये असं माझं मत. अहवाल नसेल तर हरलोच, असंही नाही. जॉब कार्डांवरून एकच दोष पुन्हा पुन्हा आल्याचं दिसत असेल तर तेवढ्यावरही आयोगांनी दोष मान्य केलाय. ह्युंदाई विरुद्ध शैलेंद्र भटनागर या २०२२ च्या प्रकरणात अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत. वेग आणि आघाताचं गणित मांडण्याएवढा भौतिकशास्त्रज्ञ ग्राहक असावा ही अपेक्षाच सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. पण तुमच्या प्रकरणात दोष ये-जा करणारा आहे, तपासणीच्या दिवशी गाडी शहाण्यासारखी चालू शकते. म्हणून एरर कोडचे प्रिंट.

मागायचं काय? उतरत्या क्रमाने पर्याय मागा. गाडी बदलून द्या. नाहीतर किंमत, रस्ता कर आणि विमा धरून पैसे व्याजासह परत करा. तेही नाही तर गिअरबॉक्स संपूर्ण बदलून द्या, वाढीव वॉरंटी द्या, आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या. रस्ता कर विसरू नका. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला तो १२ टक्के आहे, म्हणजे तुमचा आकडा दीड लाखाच्या घरात जातो. फक्त ‘नवी गाडीच हवी’ एवढीच मागणी ठेवली आणि आयोगाला ती जास्त वाटली, तर मधलं काही पदरात पाडून घ्यायला तुम्ही जागाच ठेवलेली नसते.

वेळेबद्दल खोटं सांगणार नाही. कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं जातात, वर राज्य आयोगात अपील. अपील करणाऱ्याला हुकमाच्या रकमेचा अर्धा भाग आधी भरावा लागतो, हा २०१९ च्या कायद्याचा मोठा फायदा. दरम्यान गाडी तुम्ही चालवणारच, आणि ओडोमीटर साठ हजारांवर गेला की ‘मुळातला दोष’ हे शब्द ऐकायला विचित्र वाटू लागतात. त्यामुळे नोटीस मिळाल्यावर कंपनीने लेखी देऊन गिअरबॉक्स नवा बसवायची आणि त्यावर वेगळी वॉरंटी द्यायची तयारी दाखवली, तर मी तुमच्या जागी असतो तर घेतली असती. अट एकच : ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असं लिहिलेल्या कागदावर तेव्हाच सही करायची नाही. नव्या गिअरबॉक्सवर दोन-तीन महिने आणि बोगद्याचा चढ पार पडू द्या. तोही बिघडला, तर अनंतराम प्रकरणाची वाट तुमच्यासाठी आजच्यापेक्षा रुंद झालेली असेल.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतली रिकॉलची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सात वर्षांच्या आतल्या वाहनांबद्दल ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. परिवहन खात्याच्या पोर्टलवर तुमची तक्रार टाकून ठेवा. तुमचा एकट्याचा प्रश्न त्याने सुटणार नाही, पण आकड्यात भर पडेल.

तुमच्या मेहुण्याने सुचवलेली कल्पना, गाडीला गाढवं जुंपून शोरूमपर्यंत वरात काढायची, मी याआधीही ऐकली आहे. फोटो चांगले येतात. पाठोपाठ बदनामीची नोटीस येते, आणि मग मूळ तक्रार बाजूला राहून तिचंच उत्तर लिहीत बसावं लागतं.

हप्ते थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, दोष गाडीचा. बँक या भांडणात नाही. हप्ता चुकला की सिबिल बिघडतं, गाडी उचलायला माणसं येतात, आणि गाडी हातातून गेली तर तपासायला काही उरत नाही. परतावा मिळायचा झाला तरी गाडी बोजामुक्त करून द्यावी लागते, तेव्हा बँकेचा कागद स्वच्छ असलेला बरा. पुन्हा चढावर जोर गेला तर मात्र गाडी कडेला घ्या, कंपनीच्या रोडसाइड सेवेला फोन करून टो करूनच सर्व्हिस सेंटरला न्या. टोइंगची पावती जॉब कार्डाला जोडा. आणि गिअरबॉक्सचा प्रकार व पाचही कार्डांवर ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात नेमके काय शब्द आहेत, तेवढं कळवा. नोटिशीचा मसुदा त्यावरून करता येईल.